देवघरातली चावी

आमच्या गाडीत चालवणाऱ्याच्या पायाखालची मॅट अजून धडधाकट आहे, पण शेजारच्या सीटपुढची मॅट झिजून तिला भोक पडलं आहे. ते भोक माझ्या नवऱ्यानं पाडलं. मी गाडी चालवत असले की तो शेजारी बसून उजवा पाय मॅटवर रोवतो आणि घर येईपर्यंत ब्रेक दाबत राहतो. तिथे ब्रेक नाही हे त्याला माहीत आहे, तो इंजिनिअर माणूस आहे. पण पुढे टँकर दिसला की दाब, म्हैस दिसली की दाब, रस्ता मोकळा असला तरी मोकळा का आहे या संशयानं दाब. गाडी थांबली की वर म्हणतो, "थांबली बाई वेळेवर." जशी काही त्यानंच थांबवली.

हे सगळं माझ्या आजाराच्या आधीपासूनचं आहे, हे आताच सांगून ठेवते. नाहीतर त्याचंही खापर आजारावर फुटायचं.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या लोकांना समजावताना मला फार त्रास झाला नाही. मेंदूपासून हातापायांकडे जाणाऱ्या नसांवर एक वेष्टण असतं, वायरीवर प्लास्टिक असतं तसं. माझ्या शरीरात राखणीला ठेवलेली मंडळी त्या वेष्टणालाच चोर समजून कुरतडतात. मग मेंदूनं धाडलेला निरोप पायाला उशिरा पोचतो, कधी अर्धाच पोचतो. पहिल्यांदा एका डोळ्यापुढे धुकं आलं. ते गेलं, तर काही महिन्यांनी उजवा पाय जड झाला. तो काही पूर्वीसारखा झाला नाही. इंजेक्शनं चालू आहेत, त्यांनी आजार बराचसा आवरून धरला आहे. पण उकाड्याशी माझं उभं वैर आहे. अंग तापलं की नसांचा कारभार आणखी ढिला पडतो आणि गार झालं की पुन्हा सुरळीत होतो. थंड हवेत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मी राहते बोईसरला.

वरून मी अगदी ठणठणीत दिसते. त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं मी नाटक करते आणि उरलेल्या निम्म्यांना वाटतं मला हात लावला तर मी फुटेन. सोसायटीतल्या एक काकू माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागल्या. मला ऐकायला व्यवस्थित येतं हे त्यांना सांगायचं धाडस अजून मला झालेलं नाही, कारण त्या दर वेळी सोबत ओल्या नारळाच्या करंज्या आणतात.

तर गाडी. उन्हाळ्याचे दिवस होते, मी बाजारातून घरी येत होते, आणि एका क्षणी मला कळेना की माझा उजवा पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर. पाय होता, पण कुठे होता ते तो सांगेना. म्हणून मी खाली वाकून बघितलं. तेवढ्यात समोर लग्नाचा मांडव आला. मांडवाच्या तोंडाशी लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती, तिच्यात मी हळूच शिरले. खुर्च्या धडाधड कोसळल्या, बँडवाले थांबले आणि पुन्हा वाजवू लागले. वऱ्हाड पंगतीत बसलं होतं म्हणून खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलीकडच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला गाडीतून उतरवलं, मी पाडलेल्या खुर्च्यांमधलीच एक उचलून आणली, धोतरानं पुसली आणि म्हणाले, "बसा. जेवल्याशिवाय सोडनार नाय." नवरा धावतपळत पोचला तेव्हा मी पंगतीत बसून जिलबी खात होते.

खरं सांगते, मी पार हादरले होते. त्या खुर्च्यांवर एखादी म्हातारी, एखादं पोर बसलेलं असतं तर, हा विचार आजही पाठ सोडत नाही. चावी मीच नवऱ्याच्या हातात ठेवली. त्यानं घरी येऊन ती देवघरात नेली आणि गणपतीच्या मागे ठेवली, दुसरी जादा चावीही तिथेच ठेवली. आमच्या घरात सोनंनाणं बँकेत असतं, पण जिच्यावरून भांडण होईल अशी वस्तू देवघरात जाते. मुलीच्या दहावीच्या वर्षी टीव्हीचा रिमोट तिथेच असायचा. देवासमोरून चोरून घ्यायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

मग मी पायी, म्हणजे परावलंबी झाले. शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये चौथी बसायची सवय मला राहिली नव्हती, आणि माझा पाय उचलून आत घ्यायला वेळ लागतो हे रिक्षावाल्याला समजावून सांगेपर्यंत स्टेशन यायचं. "रुको भाई, मॅडम का पैर बाहर है," असं एकदा मागच्या टेम्पोवाल्यानं ओरडून सांगितलं तेव्हा सगळ्या नाक्याला माझी प्रकृती कळली. त्यापेक्षा नवऱ्याची गाडी बरी म्हणावं, तर भीक नको पण कुत्रं आवर. "कधी निघायचं?" असं तो अगदी प्रेमानं विचारायचा आणि वाटेत त्याची चार कामं करायचा. मी कपड्यांच्या दुकानात आतले कपडे घ्यायला गेले की हा बाहेर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवायचा. एकदा मी नुसतं म्हटलं, "मला जरा चक्कर मारून यायचंय." तर म्हणाला, "कुठे?" कुठे ते मला सांगता येईना. कुठेच नाही, हेच तर मला हवं होतं. गाडी ही माझी एकटीची खोली होती. तिच्यात मी बेसूर गायचे, साहेबांना तोंडावर बोलता न येणारं सगळं बोलायचे, आजाराचं नाव पहिल्यांदा कळलं तेव्हा काच वर करून त्याच गाडीत पोटभर रडले होते. आता रडायचं म्हटलं तरी नवऱ्याला विचारून निघावं लागणार, याचा मला मनस्वी संताप यायचा.

डॉक्टरांना मी तक्रारीच्या सुरात हे सांगितलं. ते म्हणाले, पायानं ब्रेक भरवशानं दाबता येत नाही ना, मग हातानं दाबा. तशी सोय गाडीत बसवून मिळते, त्याची परीक्षा देऊन लायसन्सवर नोंद करून घेता येते. पण उन्हानं तापलेली असताना नको, दमलेली असताना नको आणि डोळा धूसर असताना तर हातानं नको आणि पायानंही नको. "आणि ते दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघू नका," ते म्हणाले. "तेव्हा आत बसलेल्या तुम्हीच असणार."

"हातानं?" नवरा घरी येऊन म्हणाला. "गाडी आहे की घरघंटी?" मग तो आठवडाभर नुसता मोबाइलवर व्हिडिओ बघत बसला. आठवड्यानं त्यानंच बेटेगावच्या बाजूला असा दांडा बसवून देणारा माणूस शोधून काढला. आमची गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचची भानगड नव्हती. स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला एक दांडा आला. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. खालचे पायाचे ब्रेक तसेच राहिले, म्हणजे दुसऱ्या कुणाला गाडी पायानं चालवता येते. नवऱ्यानं दांड्याचा एकेक नट स्वतः पान्यानं तपासला आणि बसवणारा माणूस रुसला.

नातेवाइकांना तो दांडा बघून भरून आलं. एका आत्यानं तर पदर डोळ्याला लावला. आनंद फक्त एकाच माणसाला झाला, तो माझ्या बाबांना.

बाबा सातपाटीचे. जन्मभर तांडेल होते, म्हणजे बोट कुठे न्यायची आणि कधी वळवायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. आई गेल्यापासून भावाकडे राहतात आणि भावाचं काही ऐकत नाहीत. मोतीबिंदू झालाय, पण सायकल सोडत नाहीत. त्यांनी गाडीत बसून दांडा वर-खाली, पुढे-मागे करून बघितला आणि खूश होऊन म्हणाले, "आता कुठं गाडी बरोबर झाली! पायानं कोन चालवतं? आमी कदी बोट पायानं चालवली? पाय हाय त्यो उबं रायला." आजार झाल्यापासून इतकं दिलासा देणारं कुणी बोललं नव्हतं. मला तिथेच हसू आणि रडू एकदम आलं.

सराव करायला बाबांनीच जागा सुचवली. सातपाटीला मासळी वाळवायचं मोठं मैदान आहे, त्याची एक बाजू त्या दिवसांत रिकामी होती. मी गाडी चालवायला, शेजारी बाबा, कारण ते मागे बसायला तयार होईनात, आणि नवरा मागे. मागे त्याला पाय दाबायला मॅट नव्हती, म्हणून त्यानं बाबांची सीट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

सुरुवात झकास झाली. मी मुंगीच्या पावलानं दोन फेऱ्या मारल्या. बाबा दाढी कुरवाळत म्हणाले, "चालली, चालली, अशीच जाव दे." तिसऱ्या फेरीला मी वळण थोडं मोठं घेतलं आणि समोर बोंबील वाळवायच्या वलांड्या आल्या. दोन बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगलेले असतात. अंतर भरपूर होतं. मी दांडा पुढे ढकलून थांबणारच होते. तेवढ्यात बाबा ओरडले, "वढ! वढ गो, वढ!"

आता बाबांच्या बोटीत इंजिनाचा दांडा पुढे ढकलला की वेग वाढायचा आणि मागे ओढला की बोट मंदावायची. सबंध हयात त्यांनी असंच थांबवलेलं. आणि मी तांडेलाची मुलगी. लहानपणापासून बाबा असे ओरडले की हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून. मी ओढला.

गाडीनं उडी मारली आणि पहिली वलांडी बॉनेटवर घेतली. मागून नवरा ओरडला, "ढकल!" बाबा अजून ओरडतच होते, "वढ!" मी डोळे उघडे ठेवून ढकलला आणि गाडी थांबली. काचेवर बोंबलांचं तोरण लटकत होतं. एक बोंबील वायपरमध्ये अडकला होता.

ज्यांचे बोंबील होते त्या बायका दुसऱ्या टोकाला सावलीत बसल्या होत्या. त्या आल्या. सातपाटीच्या बायका चिडून आल्या की मोठमोठे व्यापारी तराजू सोडून पळतात. पण त्यांनी मला काही म्हटलं नाही. सगळ्या बाबांच्या बाजूला गेल्या. "काय रं तांडेला," त्यांच्यातली थोरली म्हणाली, "जल्मात बोट बुडवली नाय, आता पोरीची गाडी बुडवतंस? तुला कोनी सांगितला मदे बोलायला?" बाबा खाली मान घालून बसले. खाली पडलेले बोंबील धुऊन पुन्हा टांगले, आणि शिक्षा म्हणून बाबांना दिवसभर काठी घेऊन कावळे हाकायला बसवलं. संध्याकाळी मी विचारायला गेले तर ते त्याच बायकांबरोबर चहा पीत होते आणि माझी गाडी कशी 'चुकीची बनवलीय' ते समजावत होते.

त्यानंतर नियम झाला, सराव चालू असताना गाडीत कुणी बोलायचं नाही. दोन पुरुष गप्प बसलेले आणि मी गाडी चालवतेय, असे बरेच रविवार गेले. बाबांना मागच्या सीटवर हलवलं. हात आपोआप ढकलायला शिकला. वायपरमधला वास मात्र गेला नाही, तो पहिल्या सरीला काचेवर नव्यानं पसरतो.

परीक्षेच्या दिवशी उकाडा मरणाचा होता. बाबांनी भावाच्या हातून थर्माकोलचा खोका पाठवला होता, आत फोडलेला बर्फ आणि पंचा. बर्फ पंच्यात गुंडाळून मानेवर ठेवायचा, म्हणजे अंग तापत नाही. कल्पना नामी होती. फक्त खोक्यातून पापलेटं काढून तोच बर्फ त्यांनी मला दिला होता. परीक्षा घ्यायला आलेले साहेब शेजारी बसले, पट्टा लावला आणि त्यांनी दोनदा श्वास घेतला.

"मॅडम, गाडीत काय आहे?"

"बर्फ आहे, साहेब. मानेला."

"बर्फाला असा वास येतो?"

"सातपाटीचा आहे."

त्यांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली आणि पुढे नुसतं "थांबा", "वळा", "मागे घ्या" एवढंच बोलले. पण सगळं करून घेतलं, काही सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "हात चांगला बसलाय तुमचा." आपला हात जगन्नाथ, असं मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण नियम तोच होता, गाडीत बोलायचं नाही.

लायसन्सवर नोंद होऊन आली त्या दिवशी नवऱ्यानं अंघोळ केली, गणपतीला जास्वंद वाहिलं आणि मागे हात घालून चावी काढून माझ्या हातात दिली. "एक ऐक," तो म्हणाला. "एकदा जरी काही झालं ना, तरी ही परत इथे. आणि मग कायमची. चालेल?" मी म्हटलं, चालेल. रागानंच म्हटलं, पण म्हटलं. दुसरी चावी त्यानं काढली नाही. ती गणपतीच्या मागेच राहिली. रोज सकाळी मी दिवा लावताना ती मला दिसायची, आणि कधी पूजा त्याच्याकडे असली तर तो तिच्यावरही फूल ठेवायचा.

पुढचे काही महिने मी राणी होते. सकाळच्या गारव्यात कारखान्यात जायचं, संध्याकाळी उन्हं उतरली की यायचं. दुपारी कुठे नाही. दमले असेन तर रिक्षा, आणि रिक्षावाल्याला आता मी आधीच सांगते, "भैया, पैर को टाइम लगेगा." सुट्टीच्या दिवशी सातपाटीला बाबांकडे, ऊन चढायच्या आत परत. बेसूर गाणं पुन्हा सुरू झालं.

एकदा बाबांकडे बसले असताना शेजारचे एक म्हातारे आले आणि त्यांनी जुनी थट्टा उकरून काढली. सातपाटीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा ऐन उमेदीत असताना एका पहाटे बोटी निघाल्या. बंदर मागे पडल्यावर बाबांना वारा आवडला नाही. काय आवडलं नाही ते त्यांना सांगता आलं नाही, नुसतं नाक वर करून उभे राहिले आणि बोट मागे वळवली. खलाशी शिव्या देत होते. बाकीच्या बोटी गेल्या आणि पापलेटांनी भरभरून आल्या. वादळ नाही, पाऊस नाही, ढगही नाही. आईला तेव्हा बाजारात विकायला काही मिळालं नाही, आणि तिनं आठ दिवस बाबांना ताटात नुसता भात वाढला. म्हातारे हसून हसून खोकू लागले.

"काय झाला व्हता रं त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

"काय नाय झाला," बाबा शांतपणे बिडी पेटवत म्हणाले. "काय नाय झाला ना? मंग बरोबरच झाला."

हे त्यांचं उत्तर मी शंभरदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मीही हसले होते.

मग तो मे महिन्यातला दिवस आला. मी सकाळी लवकर सातपाटीला गेले, नवाच्या सुमाराला निघणार होते. पण बाबांनी ताजी कोळंबी आणली होती, ती सोलून होईपर्यंत थांब म्हणाले, मग रस्सा होईपर्यंत, मग जेवून जा. मला 'नाही' म्हणता आलं नाही. कोळंबीला मला कधीच म्हणता आलेलं नाही. बाहेर आले तेव्हा गाडी भर उन्हात तापून तव्यासारखी झाली होती. एसी लावला, तो गरम वारा फेकू लागला. शिरगाव मागे पडेपर्यंत माझी पाठ ओली झाली होती आणि डाव्या डोळ्याच्या कडेला ओळखीचं धुकं दिसू लागलं. समोरच्या टेम्पोचा नंबर मी वाचू गेले, तर शेवटचे आकडे एकमेकांत मिसळले.

पुढे पालघर जवळ होतं. रस्ता पायाखालचा. एक डोळा तर चांगला होता. आणि हात अगदी झकास चालत होता. नवऱ्याला फोन केला तर काय होणार हे मला माहीत होतं. 'एकदा जरी काही झालं' हे तो विसरणारा माणूस नाही. फोन करणं म्हणजे आपल्या हातानं चावी गणपतीच्या मागे नेऊन ठेवणं. न करता हळूहळू गेले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. मी खरंच तशी थोडी पुढे गेले. मग मला त्या लाल खुर्च्या आठवल्या, आणि का कोण जाणे, नाक वर करून उभे राहिलेले बाबा आठवले. मला एवढा राग आला! बाबांचा, उन्हाचा, माझ्या मेंदूतल्या त्या मूर्ख राखणदारांचा. रागारागात मी दांडा पुढे ढकलला आणि गाडी बाजूला घेतली.

तिथे चिंचेखाली एक आदिवासी बाई ताडगोळे विकत बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तोंड लाल झालाय तुजा. सावलीला बस." मी बसले आणि फोन केला.

नवरा सोसायटीतल्या कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून आला. आधी गाडीला पूर्ण चक्कर मारली, बंपर बघितला, खाली वाकून चाकं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर ताडगोळ्यांची सालं होती.

"कुठे लागलं?"

"कुठेच नाही."

"मग काय झालं?"

"काही झालं नाही. कोळंबीपायी निघायला उशीर झाला, ऊन लागलं. धूसर दिसायला लागलं म्हणून थांबले." मग मला राहवलं नाही. "घेऊन जा ती चावी. ठेव नेऊन तुझ्या गणपतीमागे. पण मी सांगितलं म्हणून जातेय ती, हे लक्षात ठेव."

एरवी त्याला अहो-जाहो करणारी मी एकदम अरे-तुरेवर आले होते. बाईकडून त्यानं ताडगोळे घेतले आणि उकिडवा बसून एकेक सोलून खाल्ला, माझ्याकडे न बघता. मला वाटलं, हा आता शब्द जुळवतोय.

घरी येताना गाडी त्यानं चालवली, पायानं. मी शेजारी बसले. एसी आता गार झाला होता. पालघरच्या नाक्यावर समोरून ट्रक आला आणि मला काहीतरी जाणवलं. माझा उजवा पाय, ज्याला धड उचलून रिक्षात ठेवता येत नाही तो, मॅटवर रोवला गेला होता आणि जीव खाऊन दाबत होता. अंगठा बरोबर त्या भोकात बसला होता. नवऱ्यानं खाली बघितलं, मग पुढे बघितलं आणि त्याचे खांदे हलू लागले. मग मलाही हसू आवरेना. बोईसरपर्यंत आम्ही दोघं दाबत आलो, तो खऱ्या ब्रेकवर आणि मी खोट्या.

घरी पोचल्यावर बाबांचा फोन आला. नवऱ्यानं भावाला कळवलं असावं आणि भावानं त्यांना. "काय झाला गो बाय?"

"काही नाही झालं, बाबा. मधेच थांबले, बस."

"काय नाय झाला ना?" पलीकडे बिडीचा झुरका ऐकू आला. त्यांचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवला, कारण ते ऐकलं असतं तर मी रडले असते.

नवरा हातपाय धुऊन सरळ देवघरात गेला. गाडीची चावी त्याच्या हातातच होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. शब्द दिला तो दिला. त्यानं गणपतीच्या मागे हात घातला. जादा चावी बाहेर काढली, तिच्यावरचं सुकलेलं फूल झटकलं, आणि दोन्ही चाव्या आणून दाराजवळच्या खिळ्याला अडकवल्या.

"ही कशाला तिकडे," तो म्हणाला. "देवाला कुठे चालवता येते."

तो चहाचं आधण ठेवायला माझ्या बाजूनं आत गेला.

"आणि पुढच्या खेपेला कोळंबीसाठी थांबू नकोस," तो आतून ओरडला. "बांधून घेऊन ये. मला पण आवडते."